पिशवी काढायला पैसे आहेत, तपासायला नाहीत

"पिशवीला सूज आहे. आत्ताच काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल."

बीड, धाराशिव, लातूर, सोलापूर या पट्ट्यात हे वाक्य इतकं मुरलंय, की ते आता डॉक्टरने म्हणायचीही गरज उरलेली नाही. बायकाच एकमेकींना सांगतात. तिशीतली बाई, दोन-तीन मुलं, नसबंदी झालेली, अंगावरून पांढरं जातंय, कंबर धरलीय. ती दाखवायला येते आणि स्टुलावर टेकता टेकता स्वतःच म्हणते, "काढूनच टाका ना मॅडम, कटकट नको."

माझी तक्रार तिच्याबद्दल नाही. तिच्या मनात ही भीती ज्यांनी घातली आणि जे ती भीती दूर करू शकत असताना करत नाहीत, त्यांच्याबद्दल आहे. कॅन्सरच्या नावाने इथे पिशव्या निघतात, पण कॅन्सर टाळणारी तपासणी होत नाही. आणि या तपासणीचा उपयोग होतो हे साऱ्या जगाला कुणी दाखवून दिलं? याच भागातल्या, खेड्यापाड्यातल्या बायकांनी. त्याची गोष्ट सांगतेच, पण आधी आजार नीट समजून घेऊ.

गर्भपिशवी म्हणजे उलटा धरलेला पेरू समजा. त्याचं देठाकडचं निमुळतं टोक योनीमार्गात उतरलेलं असतं. ते गर्भाशयमुख, आपल्या भाषेत पिशवीचं तोंड. भारतात बायकांना पिशवीचा म्हणून जो कॅन्सर होतो तो बहुतेक वेळा या तोंडाचा असतो आणि तो जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. विषाणू शरीरसंबंधातून येतो. लग्न झालेल्या बहुतेक बायकांना तो कधी ना कधी भेटतो आणि वर्षा-दोन वर्षांत बहुतेकींच्या शरीरातून निघूनही जातो. थोड्यांमध्ये मात्र तो मुक्काम ठोकतो. तिथल्या पेशी हळूहळू बदलायला लागतात. बदलापासून कॅन्सरपर्यंत जायला साधारण दहा ते वीस वर्षं लागतात.

दहा ते वीस वर्षं! इतकी मुदत देणारा कॅन्सर दुसरा शोधून दाखवा. एवढ्या काळात एकदा-दोनदा जरी कुणी डोकावून पाहिलं, तर कॅन्सर व्हायच्या आधीच बंदोबस्त करता येतो. तरीही २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा आजार होतो आणि सुमारे ८० हजार जणी त्याने जातात. दिवसाला दोनशेवर. यांतल्या बहुतेकींचा आजार टाळता आला असता. नशीब, प्रारब्ध वगैरे शब्द इथे वापरू नयेत असं माझं मत आहे.

आता गोष्ट. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने १९८७ पासून बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावांमधल्या कॅन्सरची नोंद ठेवायला सुरुवात केली. ग्रामीण भागातली देशातली ही पहिली अशी नोंदणी. नुसती वही घेऊन बसले नाहीत. माणसं गावोगाव गेली, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं किंवा संबंधांनंतर रक्त गेलं तर दाखवायला या, एवढंच सांगत फिरली. त्यानंतर गर्भाशयमुखाचे जे रुग्ण आले त्यांत लवकरच्या टप्प्यातल्या बायकांचं प्रमाण वाढलं. औषध नाही, यंत्र नाही, फक्त सांगणं. तरी फरक पडला.

मग १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचा धाराशिव) मोठा अभ्यास सुरू झाला. डॉ. शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. नेने, मुंबईचं टाटा मेमोरियल, फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था असे सगळे त्यात होते. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. गावांचे ५२ गट करून त्यांची चार भागांत विभागणी केली. एका भागात एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि चौथ्या भागात नेहमीचीच आरोग्यसेवा. म्हणजे तपासणी नाहीच. प्रत्येक बाईची तपासणी एकदाच. मग आठ वर्षं वाट पाहिली.

निकाल एप्रिल २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. तपासणी न झालेल्या ३१ हजार ४८८ बायकांमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ६४ मृत्यू. एचपीव्ही चाचणीच्या भागात बायका त्याहून जास्त, ३४ हजार १२६. तिथे मृत्यू ३४. पुढच्या टप्प्यात पोचलेले कॅन्सर ८२ विरुद्ध ३९. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅप आणि व्हिनेगरच्या भागांत मात्र मृत्यूंमध्ये ठोस म्हणावा असा फरक दिसला नाही.

असं का झालं? पॅपमध्ये पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बघणारा तरबेज हवा, काच नीट भरलेली हवी, आणि तपासणी दर काही वर्षांनी पुन्हा पुन्हा करायला हवी. व्हिनेगरच्या तपासणीत तोंडावर पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात, बिघडलेल्या पेशी मिनिटभरात पांढऱ्या दिसतात. स्वस्त आणि लगेच निकाल देणारी, पण सगळी भिस्त बघणाऱ्याच्या नजरेवर. शिवाय पाळी जायच्या सुमाराला बदलणाऱ्या पेशींचा भाग आतल्या नळीत सरकतो, तो डोळ्यांना दिसतच नाही. एचपीव्ही चाचणी झालेला बदल शोधत बसत नाही. बदल घडवणारा पाहुणा घरात आहे का, एवढंच बघते. नाही म्हणाली तर त्या "नाही"वर बरीच वर्षं विसंबता येतं. याच अभ्यासात पॅप किंवा व्हिनेगरने "सगळं ठीक" म्हटलेल्या बायकांमध्ये नंतर कॅन्सर होण्याचं प्रमाण, एचपीव्हीने "ठीक" म्हटलेल्यांच्या चौपटीहून जास्त होतं.

या अभ्यासावर टीकाही झाली, आणि ती रास्त होती. तुलनेसाठी म्हणून हजारो बायकांना तपासणीविना ठेवणं नीतीला धरून होतं का, यावर आपल्याकडच्या वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात बरीच वादावादी झाली. मला विचाराल तर त्या ६४ मृत्यूंचं ओझं तेव्हाच्या संशोधकांपेक्षा नंतरच्या आपल्या सगळ्यांवर जास्त आहे. २००९ मध्ये उत्तर मिळालं. त्या उत्तराची किंमत परांड्या-भूमसारख्या भागातल्या बायकांनी मोजली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सगळ्या देशांना सांगितलं, की तपासणीसाठी पहिली पसंती एचपीव्ही चाचणीला द्या, तिशीपासून सुरू करा, दर ५ ते १० वर्षांनी करा. आणि आपण? आपल्या २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये व्हिनेगरची तपासणी आहे, तीही कागदावर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं, गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधी झाली का? देशभरात "हो" म्हणणाऱ्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत. तमिळनाडूत हाच आकडा दहाच्या आसपास आहे, म्हणजे इच्छा असली तर जमतं.

याच सर्वेक्षणात दुसरा एक आकडा आहे. देशात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ३ टक्के बायकांची पिशवी काढलेली आहे. वयोगट वेगवेगळे आहेत, मान्य. तरी बघा: तोंड तपासलेल्या बायकांपेक्षा पिशवीच काढून टाकलेल्यांचं प्रमाण जास्त!

आणि हे झालं देशाचं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्यांची बातमी गाजली. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजार ३०९ बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली होती. शंभरात जवळपास सतरा. अनेकींचं वय चाळिशीच्या आत. कारणं सगळ्यांना माहीत आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, खाडा पडला की दंड. फडात ना पाणी ना आडोसा, पाळीत कापड बदलायला जागा नाही. पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं हे त्यातूनच येतं. यावर इलाज म्हणजे स्वच्छ पाणी, विश्रांती, पाच-सात दिवसांची औषधं. मिळाला इलाज शस्त्रक्रियेचा, तोही उचलीत भर घालून, आणि पटवायला पुन्हा तेच: "नाहीतर कॅन्सर होईल."

माझ्या व्यवसायबंधूंना माझा साधा प्रश्न आहे. कॅन्सरची एवढी काळजी होती, तर पिशवी काढण्याआधी तिच्या तोंडाची तपासणी केली होती का? हा प्रश्न खवचटपणाने विचारत नाही. वैद्यकीयदृष्ट्या तो फार महत्त्वाचा आहे. तोंडाशी आधीच कॅन्सर दडलेला असेल आणि न तपासता साधी पिशवी काढली, तर ती शस्त्रक्रिया अपुरी पडते आणि पुढचे उपचार आणखी अवघड होऊन बसतात. कॅन्सर नसेल, तर धडधाकट अवयव गेला. सोबत अंडाशयंही काढली असतील तर पस्तिशीतच पाळी गेल्यानंतरचे सगळे त्रास सुरू: हाडं ठिसूळ, अंगातून वाफा, झोप नाही. पुन्हा हीच बाई ऊस तोडायला जाणार. दोन्ही बाजूंनी तोटाच.

कंबरदुखीने कॅन्सर होत नाही. पांढरं जाण्याने कॅन्सर होत नाही. सोनोग्राफीत "बल्की युटेरस" लिहिलं म्हणजे कॅन्सर नाही. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असतेच. तोंडावर लालसर जखमेसारखं दिसतं, त्याला "अल्सर" म्हणून घाबरवतात, तेही बहुतेकदा नैसर्गिक असतं. तपासल्याशिवाय मात्र यातलं काहीच ठरवता येत नाही, आणि घोडं अडतं ते तिथेच. कित्येक दवाखान्यांत बाई टेबलावर झोपतच नाही. तक्रार ऐकली, योनीत ठेवायच्या गोळ्यांची चिठ्ठी लिहिली, पुढची या. महिन्याने तीच तक्रार, त्याच गोळ्या. स्पेक्युलम लावून तोंड बघायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं न दिल्यामुळे दुर्गंधी पाण्यावर वर्षभर गोळ्या घेत राहिलेल्या बायका शेवटी रेडिएशनच्या रांगेत भेटतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "बायका लाजतात हो, तपासून घ्यायला तयारच नसतात." हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. उस्मानाबादच्या त्या अभ्यासात एचपीव्ही चाचणीसाठी बोलावलेल्या दहापैकी जवळपास आठ बायका आल्या होत्या. पंचवीस वर्षांपूर्वी, खेड्यात, अनेकींना लिहिता-वाचता येत नसताना. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन व्हिनेगरची तपासणी करायला लावली. तिथे ८९ टक्के बायका आल्या. दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे नेटाने केली तर व्हिनेगरची तपासणीही उपयोगी पडते. ज्या आरोग्य केंद्रात ती होते आहे तिथे जरूर करून घ्या. पण बाई येत नाही असं नाही. आदराने बोलावलं, पडदा लावला, तपासणारी बाई असली, घराजवळ असलं, तर ती येते. लाज आडवी येते म्हणणाऱ्यांनी आपल्या दवाखान्यात टेबलाभोवती पडदा आहे का ते आधी बघावं.

शिवाय आता लाजेचा प्रश्न जवळपास सुटलाच आहे. एचपीव्हीचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते. कापसाच्या काडीसारखा एक बोळा आत घालायचा, फिरवायचा, नळीत टाकून द्यायचा. संडासात जाऊनही करता येतं. जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत मान्य केलेली आहे. ना टेबल, ना स्पेक्युलम, ना कुणासमोर पाय उघडणं.

"पण एचपीव्ही चाचणी महाग." हो, खासगी प्रयोगशाळेत आज हजाराच्या घरात जाते, मजुरी करणाऱ्या बाईला परवडणारी नाहीच. तिने का भरावेत पैसे? पिशवीचं ऑपरेशन करायला कर्ज काढू देणारा समाज आणि कॅन्सर झाल्यावर लाखांची योजना देणारं सरकार, दोघांनाही मधली ही चाचणी तेवढी महाग वाटते. महात्मा फुले योजनेत शस्त्रक्रिया बसते, केमो बसते, रेडिएशन बसतं, पण त्यासाठी आधी कॅन्सर व्हावा लागतो. गोव्यातल्या कंपनीचं ट्रूनॅट यंत्र टीबीच्या तपासणीसाठी सरकारी दवाखान्यांत तालुक्याच्या पातळीपर्यंत पोचलं आहे. त्याच यंत्रावर चालणारी देशी एचपीव्ही चाचणी तयार आहे. २०२५ मध्ये एम्ससह देशातल्या संस्थांनी ती पारखूनही घेतली. यंत्र हजर, चाचणी हजर, आशाताई हजर. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. पावसाळ्याचे चार महिने बायका गावात असतात. त्या चार महिन्यांत तिशीपुढच्या प्रत्येकीच्या हातात एक बोळा द्या. जानेवारी हा जागृतीचा महिना म्हणून बॅनर लावता ना, त्या महिन्यात इथल्या निम्म्या बायका फडावर असतात!

चाचणीत विषाणू सापडला तर? उस्मानाबादमध्ये साधारण दहातल्या एकीला सापडला होता. म्हणजे नऊ जणींना निर्धास्त घरी पाठवता येतं. उरलेल्या एकीला कॅन्सर झालाय असा याचा अर्थ नाही. पुढची तपासणी करायची, गरज पडली तर बिघडलेला भाग जाळून किंवा वायरच्या फासाने कापून टाकायचा. जाळायला मिनिटभर लागतं, भूल लागत नाही, त्याच दिवशी घरी. यासाठी पिशवी काढायचं कारणच नाही.

दुसरी भीती घरातली आहे आणि ती जास्त वाईट. "विषाणू संबंधांतून येतो" एवढंच ऐकून नवरा, सासू बाईकडे संशयाने बघू लागतात. म्हणून डॉक्टरने आणि आशाताईंनी हे स्पष्ट सांगायलाच हवं: हा विषाणू कधी आला हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. वीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या पहिल्या महिन्यात नवऱ्याकडून आलेला असू शकतो. जन्मभर एकाच पुरुषाशी संसार केलेल्या बाईलाही तो असतो. अहवालात चारित्र्य लिहिलेलं नसतं. आणि लिहायचंच म्हटलं, तर दोघांचं लिहावं लागेल. हा अहवाल बाईच्या एकटीच्या हातात द्यावा, घरच्यांसमोर मोठ्याने वाचू नये.

लशीबद्दलही विचाराल. लस उत्तम आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आपली लस आणली, त्याचा आनंदच आहे. एक डोसही पुरतो हे दाखवणाऱ्या भारतीय अभ्यासात बार्शीच्याही मुली होत्या, हेही या भागाचंच देणं. नऊ ते चौदा वयाच्या मुलींना ती जरूर द्या. तिने मुलं होत नाहीत वगैरे अफवा निव्वळ खोट्या आहेत. पण लस आधीच मुरलेला विषाणू काढत नाही. आज पस्तिशीत असलेल्या बाईला तिचा फारसा उपयोग नाही. तिला तपासणीच हवी. मुलीला लस दिली आणि आईला विसरलो, तर पुढची वीस-पंचवीस वर्षं हे मृत्यू असेच होत राहणार. आणि लस घेतलेल्या मुलींनीही तिशीनंतर तपासणी करायचीच आहे.

वाचणाऱ्या बायकांसाठी थोडं. तीस पूर्ण झाली असतील, काहीही त्रास नसला तरी तपासणी करा. तपासणी त्रास नसताना करायची असते. एचपीव्ही चाचणी करता आली तर ती, नाहीतर पॅप किंवा व्हिनेगरची. एचआयव्ही असेल तर पंचविशीपासून आणि जास्त वेळा. संबंधांनंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त, पाळी गेल्यावर एक डाग जरी दिसला किंवा घाण वासाचं पाणी जात असेल, तर चाचणीच्या नादी न लागता सरळ स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा आणि "आतून बघा" असं म्हणा. नसबंदी झाली म्हणून हा धोका कमी होत नाही. पाळी गेली म्हणूनही नाही.

आणि ज्यांची पिशवी आधीच काढलेली आहे, त्यांनी डिस्चार्जचा कागद शोधा. पिशवी तोंडासकट काढली असेल आणि आधी तोंडाशी काही दोष नव्हता, तर या तपासणीची गरज नाही. पण काही वेळा वरचा भाग काढून तोंड तसंच ठेवतात, आणि तोंड आहे तोवर तपासणी आहे. कागद सापडत नसेल, किंवा दिलेलाच नसेल, तर स्पेक्युलम लावून बघितलं की तोंड आहे की नाही ते मिनिटभरात कळतं.